मार्फंटचं पाणी

मार्फंट, हॅम्पशर
८ जून १९७६

क्लेम,

तुझा पत्ता नाताळच्या कार्डावर सापडला. मी थर्झा, तुझ्या इडाआत्याची मुलगी. आपण एकमेकांना वर्षाला एक कार्ड टाकतो, त्यापलीकडे काही नाही. तरी काम पडलं की नातं आठवतं, तसं समज.

काम असं आहे. आमच्या गावात मेजर टॉरिंग्टन म्हणून एक निवृत्त गृहस्थ आहेत. गावसभेचे प्रमुख. त्यांना गावाच्या वेशीवर पाटी लावायची आहे आणि पाटीवर गावाच्या नावाचा अर्थ हवा आहे. सभेत म्हणाले, "मार्फंट म्हणजे नक्की काय, हे कुणालाच कसं ठाऊक नाही?" मी म्हटलं, "आजवर कुणाचं अडलं नाही म्हणून." तर सगळे हसले आणि काम माझ्याच गळ्यात पडलं, कारण डॉल मध्येच बोलली की थर्झाचा मामेभाऊ जन्मभर पोरांना लॅटिन शिकवत होता. डॉल माझ्याबरोबर वाफ्यात क्रेसच्या, त्या पाण्यात वाढणाऱ्या तिखट पाल्याच्या, जुड्या बांधते. हात चालतात तिचे, पण तोंड त्याहून जास्त.

तेव्हा थोडक्यात लिही. तू मास्तर, म्हणून सांगते. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडून पाण्यात उतरले ती अजून बाहेर आलेली नाही. लांबलचक वाचायला मला वेळ नसतो.

इथे ऊन फार आहे. पाऊस नाही. नळी लावून बागेला पाणी घालायला बंदी आलीय, आणि मेजर कुंपणांवरून मान काढून लोकांची माती ओली आहे का बघत हिंडतात. बाकी बरं आहे. वाफे ठीक आहेत. माझा नवरा नेड जाऊन आता चौथं वर्ष. एकटीनं करते, जमतं.

थर्झा


लँकेस्टर
१३ जून १९७६

प्रिय थर्झा,

थोडक्यात लिहिण्याचा प्रयत्न करतो. जमणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तुझ्या गावाच्या नावाचा शेवट बघ. फंट. हा आपला शब्दच नाही. मी राहतो त्या लँकेस्टरचा शेवटही आपला नाही. तू जुड्या घेऊन ज्या विंचेस्टरच्या बाजारात जातेस, त्याचाही नाही. केस्टर, चेस्टर, ग्लॉस्टरमधलं स्टर, ही सगळी एकाच लॅटिन शब्दाची झिजलेली रूपं. कास्त्रा, म्हणजे सैन्याची छावणी. रोमन आले, तटबंद्या बांधल्या, साडेतीनशे वर्षांहून जास्त राहिले आणि गेले. छपरं कोसळली. मग समुद्रापलीकडून आपले सॅक्सन पूर्वज आले. त्यांची भाषा वेगळी, देव वेगळे. त्यांनी जवळजवळ सगळ्याला आपली नावं दिली. पण काही ठिकाणी त्यांनी परक्याचा शब्द उचलला आणि आपल्या शब्दाच्या शेपटाला बांधला.

तुझं फंट त्यातलंच. लॅटिनमध्ये फोंताना म्हणजे झरा. मॉटिसफंट, चॅलफंट, हॅवंट, सगळ्यांच्या शेवटी तोच झरा आहे. आणि आता मला रात्रभर जागं ठेवणारी गोष्ट ऐक. सॅक्सनांकडे झऱ्याला स्वतःचा चांगला शब्द होता. मग दुसऱ्याचा का घेतला? जाणकारांचा कयास असा, की काही झरे त्यांना वेगळे दिसले. दगडांनी बांधलेले. तसं बांधकाम त्यांच्या गावाकडे नव्हतं, म्हणून त्याला त्यांच्याकडे शब्दही नव्हता. तेव्हा कुणीतरी कुणालातरी विचारलं असणार. थर्झा, मला ती दोघं दिसतात. रोमनांच्या मागे इथेच राहिलेली, पाणी भरणारी एक बाई, आणि बोट दाखवून "हे काय?" विचारणारा एक परका. तिला त्याची भीती वाटत असेल. तरी तिनं सांगितलं. त्यानं तो शब्द तोंडात घोळवला आणि घरी नेला. तिची भाषा त्या खोऱ्यातून पुसली गेली. तो एक शब्द तेवढा राहिला, आणि तू तो पाकिटाच्या कोपऱ्यावर लिहून मला पाठवलास.

पुढचं 'मार' बहुधा शिवेसाठीचा जुना शब्द असावा. म्हणजे शिवेवरचा बांधीव झरा. तेव्हा तुमच्या गावात कुठेतरी दगडी झरा असलाच पाहिजे. माझा अंदाज चर्चच्या आसपास. जुनी चर्चं पाण्याजवळ बांधत. मेजरांना तिथे बघायला सांग.

आणि 'बाकी बरं आहे' म्हणजे काय? वर्तमानपत्रात दक्षिणेचं काही बरं लिहिलेलं नाही.

तुझा,
क्लेम


मार्फंट
१ जुलै

क्लेम,

तुझं पत्र मेजरांनी सभेत मोठ्यानं वाचलं. त्या बाईपाशी आल्यावर त्यांचा आवाज जरा घसरला, पण खाकरून सावरले. दुसऱ्याच दिवशी चार माणसं लावून चर्चच्या भिंतीलगत खणायला घेतलं. एक बाबागाडीचं चाक निघालं आणि एका मांजराची हाडं. मेजर म्हणाले, "हे मांजर रोमन असू शकतं." डॉल म्हणाली, "गळ्यात घंटी आहे हो त्याच्या. ते आमचं टिबल्स." तेव्हापासून खणणं बंद आहे.

आता खरं सांगते. वाफे ठीक नाहीत. मागचं पत्र लिहिलं तेव्हाही नव्हते. गावात कुणाला बोलायचं नव्हतं, आणि तुला कशाला सांगा, तू काय तिथून पाणी पाठवणार होतास?

आमच्या वाफ्यांना पाणी एकाच जागेवरून येतं. टेकडीच्या पायथ्याला एक खोलगा आहे, त्याला आम्ही डोळा म्हणतो. त्यातून पाणी वर येतं, पाटानं वाफ्यांत उतरतं आणि पुढे ओढ्याला मिळतं. हिवाळा असो उन्हाळा असो, तेवढंच गार, तेवढंच भरून. सासूबाई म्हणायच्या, डोळा कधी मिटत नाही. मे महिन्यात पाणी बारीक झालं. जूनमध्ये त्याची दोरी झाली. परवा सकाळी मी गेले तर पाट कोरडा. मी तिथे उभी राहिले आणि मला काही ऐकूच येईना. एवढी वर्षं तो आवाज कानात होता, तो नसल्यावर मला वाटलं मी बहिरी झाले.

खालचे वाफे गेले तर गेले. पण वरचा आई-वाफा आहे. तिथे विकायचं काही कापत नाही. तिथल्या काड्या तोडून बाकीच्या वाफ्यांत लावायच्या. तो मेला की सगळं मेलं. सध्या मी आणि डॉल घरच्या नळाचं पाणी बादल्यांनी नेऊन ओततो. पण क्रेसला साचलेलं चालत नाही, वाहतं लागतं. पानं पिवळी पडायला लागली आहेत.

पर्सी म्हणून एक बोअरवाला आहे. यंत्राची गाडी घेऊन येतो, जमिनीत भोक पाडतो. त्याला सांगितलंय. डोळ्यातच बोअर मारायची. मला ते करवत नाही, कारण आमच्या घरात डोळ्याला लोखंड लावत नाहीत. दर वसंतात तो साफ करायचा तो हातानं आणि बर्चच्या झाडूनं. फावडं नाही, कुदळ नाही, खुरपंसुद्धा नाही. नेडनं एकदा लहानपणी तिथे बापाची पहार आपटली, तर सासूबाईंनी त्याला उपाशी झोपवलं. का लावायचं नाही, ते कुणालाच ठाऊक नाही. लावायचं नाही, बस. पण आता काय करू? नियम पाळत बसले तर वाफा जातो.

थर्झा


लँकेस्टर
३ जुलै

थर्झा,

तू मला हे तीन आठवडे का सांगितलं नाहीस! चर्च कसलं, तो डोळाच तुमचं फंट असणार. माझी चूक झाली.

पर्सीला थांबव. काहीही करून थांबव. त्या गाळाखाली काय आहे याची तुला कल्पना नाही. पंधराशे वर्षांपेक्षा जुनं काम त्या यंत्रानं एका दुपारी चुरा होईल, आणि ते पुन्हा कुणाला करता येणार नाही. क्रेस काय, बाजारातून नवी आणून लावता येईल.

पोस्टाची वेळ झाली म्हणून इथेच थांबतो. हात घालून बघ. खाली दगड लागतो का, ते मला लगेच कळव.

क्लेम


मार्फंट
६ जुलै

क्लेम,

नवी आणून लावता येईल म्हणे! बादल्या वाहून वाहून खांदे उतरलेत माझे आणि तू मला बाजार दाखवतोस.

नीट ऐक. आमची क्रेस बाजारात नाही. ती कुठेच नाही. तिची पानं थंडीत तांबूस होतात आणि जिभेला अशी चावते की माणूस दुसरा घास घेण्याआधी थांबतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी दरीतल्या सगळ्या वाफ्यांत मुळांचा रोग आला. लोकांनी आपापली जात उपटून फेकली आणि बाहेरून हिरवंगार भुसकट आणून लावलं. आमची वाचली, का वाचली देव जाणे. ती बीपासून लावत नाहीत. बीची रोपं कधी बरोबर येत नाहीत. काडीपासून काडी, त्या काडीपासून दुसरी. म्हणजे नेडच्या पणजीनं जी लावली, तीच बाई अजून उभी आहे पाण्यात. ती मेली की संपलं. तुझ्या त्या शब्दासारखंच आहे हे. तोंडातून तोंडात. मध्ये एकानं जरी टाकला तर पुन्हा कुठून आणशील?

आता दुसरं सांगते, मग शांत होते.

तुझ्यावर इतकी चिडले की पत्र खिशात कोंबून डोळ्यात जाऊन उतरले. गाळ वाळून भेगाळला होता. हातानं ढेपाच्या ढेपा निघत होत्या. डॉल वरून म्हणाली, "तुझा तो मास्तर तिथे बसून हुकूम सोडतो आणि तू लगेच उतरतेस?" मी म्हटलं, "गप्प बस आणि ढेपा उचल." दुपारपर्यंत काढत होतो. मग माझी नखं घासली.

दगड आहे, क्लेम. सपाट, घडीव. बाजूला हात नेला तर कोपरा, मग दुसरा कोपरा. एक मोठी चौकोनी कुंडी आहे, माझ्या कमरेइतकी खोल. आजवर मी तिच्या डोक्यावर उभी राहून झाडू मारत होते आणि मला पत्ता नाही. तळाशी पाणी आहे. थोडं, पण जिवंत आहे, वाळू हलवत खालून येतंय. पाट मात्र त्याच्या खूप वर आहे. तिथवर चढायची ताकद त्याच्यात नाही.

आणि पुढच्या काठावर एक जागा झिजलेली आहे. वाटीसारखी. दगड लोण्यासारखा गुळगुळीत. मला आधी कळेना हे कशानं झालं. मग मी पाणी घ्यायला वाकले आणि तोल सावरायला हात टेकला, तर तळवा बरोबर त्यात बसला.

बायकांच्या हातांनी झिजलाय तो. दुसरं काही असूच शकत नाही. किती बायका टेकल्या असतील रे? मी चर्चमध्येसुद्धा कधी इतकी गप्प बसले नव्हते. डॉलसुद्धा गप्प होती, यावर विश्वास ठेव.

पण गप्प बसून क्रेसला पाणी मिळत नाही. पर्सी येऊन बघून गेला. म्हणाला, "बाई, तळाला जाड फरशी आहे. ती फोडली की खाली पाणीच पाणी. शुक्रवारी येतो. तेव्हा नाही म्हणालात तर मग सप्टेंबर. माझ्या मागे अख्खा परगणा लागलाय." मी हो म्हटलं. तुला वाईट वाटेल. वाटू दे.

थर्झा


लँकेस्टर
७ जुलै

प्रिय थर्झा,

मला माफ कर. मी जन्मभर मेलेल्या भाषेची राखण केली आणि तू एका जिवंत गोष्टीची करतेस. तुला सल्ला द्यायचा मला काही अधिकार नाही. फोडायची तर फोड. मी एका शब्दानं बोलणार नाही.

फक्त माझ्या वाट्याचा हात एकदा त्या झिजल्या जागी टेकव.

एक शंका मात्र मनात येते, आणि ती अगदी बाळबोध आहे. बायका भरून भरून किती पाणी भरणार? उरलेलं कुठे जात होतं? तुमचा पाट वर आहे म्हणतेस. पण कुंडी बांधणाऱ्यानं इतकी खोल कुंडी बांधून पाणी अगदी काठावरूनच का सोडलं असेल? मला पाण्यातलं काही कळत नाही. तुला कळतं.

तुझाच,
क्लेम


मार्फंट
९ ऑगस्ट

क्लेम,

महिनाभर पत्र नाही म्हणून तुझी दोन कार्डं आली. दोन्ही वाचली. मुद्दाम लिहिलं नाही. एक गोष्ट नक्की झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं. आज झाली. तेव्हा बस आणि वाच. या वेळी लांबलचक मीच लिहिणार आहे.

शुक्रवारी पर्सी उजाडताच आला. गाडी मागे घेत घेत डोळ्यापाशी लावली. मी कुंडीत उभी होते. त्यानं वरून हाक मारली, "बाहेर या बाई, नाहीतर तुमच्यातूनच भोक पाडतो." मी म्हटलं, "यंत्र बंद कर आणि चहा पी. मला जरा बघू दे."

तुझी शंका रात्री डोक्यात घुसली होती. मास्तर मूर्ख असला तरी प्रश्न बरोबर होता. मी झिजल्या काठाच्या खालची भिंत चाचपत गेले. दगड, दगड, दगड, आणि मग एकदम मऊ. चिकणमाती. माझं डोकं मावेल एवढी जागा, गारगोट्या आणि चिकणमाती ठासून बंद केलेली. पाण्याच्या आत तळाजवळ. आणि क्लेम, त्या मातीवर बोटं उमटलेली होती. कुणीतरी अंगठ्यानं दाबत दाबत ती बसवली होती. एकेक ठसा स्पष्ट. माझ्या बोटांपेक्षा लहान.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नेडच्या घरातली जी कुणी पहिली बाई क्रेस लावायला आली, तिला पाणी वरच्या जमिनीवर हवं होतं. तिनं खालचं तोंड बुजवलं. पाणी कुंडीत चढलं, काठावरून वाहिलं, आणि तिनं पाट काढला. मग घरातल्या सगळ्यांना सांगितलं, इथे लोखंड लावायचं नाही. लावलं की बूच निघेल, वाफे जातील. पुढच्यांनी बूच विसरून नियम तेवढा धरून ठेवला. माझी सासू, तिची सासू, सगळ्या.

डॉलला सांगितलं. ती म्हणाली, "मग ते काढून काय होणार? पाणी खाली जाईल. वाफा वर आहे."

मी म्हटलं, "पाणी वाफ्यापर्यंत येत नाही ना? मग वाफा पाण्यापर्यंत न्यायचा."

"कुठे?"

"ते पाणी सांगेल."

पर्सीनं टोपी काढून डोकं खाजवलं. "बाई, ते तोंड कुठे उघडतं ते तुम्हाला ठाऊक नाही. बुजलेलं असेल, फुटलेलं असेल. आहे तेवढं पाणीही जमिनीत जिरून जाईल. मग मला बोलवाल, आणि मी येणार नाही."

खरं होतं त्याचं. तुझ्या वाट्याचा हात काठावर टेकवला, मग माझा. आणि बोटांनी माती उकरायला घेतली. त्या ठशांवरच बोटं ठेवून उकरत होते, दुसरीकडे धरायला जागा नव्हती.

शेवटचा गोळा निघाला आणि पाण्यानं एक घोट घेतल्यासारखा आवाज केला. मग दुसरा. मग माझ्या पोटऱ्यांभोवती भोवरा झाला आणि सगळं पाणी त्या भोकात शिरलं. गेलं. कुंडीत घोट्याएवढं उरलं. डॉल ओरडली, "अगं बये, बूच काढलंस तू! सगळं गेलं!"

मी वाकून आत बघितलं. भाजलेल्या मातीचा नळ होता, लाल, आणि त्याच्या तोंडात दुसरा बसवलेला. पुढे अंधार. त्या अंधारातून आवाज येत होता, खाली, लांब, आणखी लांब. माझ्या मनात आलं, हा आवाज याआधी ऐकणारं माणूस कोणती भाषा बोलत असेल?

पर्सी मात्र जमिनीवर पालथा पडला होता. जन्मभर जमिनीत भोकं पाडणारा माणूस तो, त्याला कान लावायची सवय. म्हणाला, "चालतंय. बाई, ते चालतंय!" उठला, थोडा पुढे गेला, परत पालथा. "इथूनही." आम्ही त्याच्या मागे. कुंपणातून गल्लीत, गल्लीतून मोठ्या रस्त्यावर. पोस्टातली बाई बाहेर आली. "काय हरवलं?" डॉल म्हणाली, "पाणी." तीही पालथी पडली. तेवढ्यात विंचेस्टरची बस आली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, तर पर्सीनं उठून त्याला असं काही सुनावलं की त्यानं इंजिनच बंद केलं. उतारू उतरले. पाद्रीबुवा सायकलवरून उतरले. क्लेम, मी तुला काय सांगू? भर सकाळी मार्फंटच्या रस्त्यावर अर्धं गाव गालाला डांबर लावून आडवं पडलं होतं. मीही पडले. रस्ता आधीच तापला होता. त्याच्या खालून, अगदी बारीक, कुणीतरी घरातल्या घरात गुणगुणत काम करावं तसं ते चाललं होतं. आपल्या घरांखालून. ज्यावरून मी रोज जुड्यांची गाडी ढकलत नेते, त्याच्याखालून.

पाद्रीबुवा उठले. गालावर खडी रुतलेली. म्हणाले, "मी इथे इतकी वर्षं प्रवचनं देतोय," आणि पुन्हा रस्त्याला कान लावला.

मग मेजरांच्या बागेतून आरोळी आली.

आम्ही सगळे फाटकातून आत घुसलो. मेजरांच्या बागेत खालच्या अंगाला एक खोलगट भाग आहे, तिथे त्यांचे गुलाब. गुलाबांच्या मुळांशी माती उकळल्यासारखी हलत होती, आणि तिच्यातून आधी काळं, मग पांढुरकं, मग स्वच्छ पाणी वर येऊन वाहायला लागलं होतं. मेजर मधोमध उभे, पायात सपाता, हात वर. आम्हाला बघून त्यांचा चेहरा पांढरा फटक.

"प्रॅग्नेलबाई, मी नळी लावलेली नाही!" ते माझ्याकडे वळून ओरडले. "शपथेवर सांगतो! नळ बंद आहे, कुणीही येऊन बघा!"

त्यांना वाटलं, सगळं गाव त्यांना पकडायला आलंय. डॉल हसता हसता खालीच बसली.

मी त्यांना सांगितलं ते काय आहे. कुठून येतं, कशातून येतं. ते ऐकत होते आणि त्यांचे हात हळूहळू खाली येत होते. मग वाकले, ओंजळीत घेतलं, प्यायले. मिशीवरून पाणी गळत होतं. हळूच म्हणाले, "त्या बाईचं पाणी."

मी म्हटलं, "मेजर, मला ही जागा हवी. माझा आई-वाफा मरतोय. आजच्या आज आणायचा आहे."

"किती जागा?"

"सगळी."

ते गुलाबांकडे बघत राहिले. त्यांची बायको पायरीवर उभी होती. म्हणाली, "काढा ते, हेन्री. मला ते कधीच आवडले नव्हते. तुम्हीच दर वाढदिवसाला एक लावत होतात."

पर्सीचं यंत्र त्या दिवशी चाललंच नाही. त्यानंच फावडं घेऊन गुलाब उपटले. बसच्या ड्रायव्हरनं खडी पसरली. आई-वाफा आम्ही ओल्या गोणपाटात गुंडाळून हातांवरून खाली आणला, पाळण्यातलं मूल आणावं तसा. काड्या मान टाकून पडल्या होत्या. पिवळ्या, काही तर काळ्या. वाहत्या पाण्यात एकेक ठेवत गेले आणि मनात म्हणत होते, आता मी करायचं ते केलं.

लोक आनंदात होते. गाणी झाली, बिअर झाली. मी वाफ्याजवळून हलले नाही. पाणी आलं होतं रे, पण क्रेस धरली नव्हती. दुसऱ्या दिवशी तशीच. आठवडा गेला, निम्म्या काड्या कुजून वाहून गेल्या. मेजर पायजम्यावरच येऊन माझ्याबरोबर वाकून बघायचे. तुझी कार्डं आली तेव्हा तुला काय लिहू? दगड वाचला आणि बाई मेली, असं लिहू?

मग एक दिवस एका काडीच्या गाठीशी पांढरा केस दिसला. मला वाटलं, गोणपाटाचा धागा. हात लावला तर हलला नाही. मूळ होतं ते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काडीला. मग त्यांनी माना वर केल्या.

पाऊस अजून नाही. ओढा कोरडा, माझे जुने वाफे कोरडे, सगळ्या परगण्यात गवत जळालंय. इथे मात्र ते पाणी न थांबता येतंय. मी संध्याकाळी काठावर बसते. कोण कुठली माणसं, त्यांनी नळ भाजले, एकात एक बसवले, आणि गेली. त्यांना मी ठाऊक नाही, मला ती ठाऊक नाहीत. कोण कुठली ती अंगठ्याचे ठसे असलेली बाई. मला या सगळ्याचं काय करावं ते कळत नाही. रडावंसं वाटत नाही, हसावंसंही नाही. नुसती बसते. मी अशी कधी बसत नाही, डॉलला विचार.

आज सकाळी एक शेंडा तोडला. तांबूस नव्हता, तो थंडीतच होतो. मेजर, त्यांची बायको, डॉल, पर्सी, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. चावला. आधी काहीच नाही, नुसतं पाणी. माझा जीव गेला.

मग जिभेला चावली.

थर्झा